एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नाही : इंग्लंडमध्ये यजमान कुटुंबात राहून इंग्रजी शिकताना

आपल्या घरी पाहुणा आधी ‘नको’ म्हणतो आणि यजमान तरीही वाढतो. ते ‘नको’ खरं नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या रात्री उकडलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे आलं, मी सवयीने ‘नो, थँक यू’ म्हणाले आणि भांडं पुढे गेलं. ते परत आलं नाही. माझ्या यजमानीणबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. मी नको म्हणाले, त्यांनी माझ्या शब्दाचा मान राखला. तिथे आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणं. हे कळायला मला दोन आठवडे लागले, आणि तेवढ्यात मी फक्त बटाटे नाही, बोलायच्या कितीतरी संधी ‘नको नको’ करत घालवल्या.

म्हणून हे लिहिते आहे. काही आठवडे किंवा काही महिने इंग्रजी शिकायला इंग्लंडला जाणाऱ्या आणि तिथे एखाद्या घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी: शिक्षक, नर्स, नुकतेच पदवीधर झालेले, नोकरीतून सुट्टी काढलेले. इतर देशांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे मी इंग्लंडपुरतंच बोलते.

१. आधी व्हिसा आणि शाळा, मग घर

कोर्स सहा महिन्यांपर्यंतचा असेल तर तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतो. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजीच्या कोर्ससाठी शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा आहे. दोन्हींवर नोकरी करता येत नाही, अर्धवेळसुद्धा नाही. शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाही, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्याने भारतातून अर्ज करताना मान्यताप्राप्त केंद्रातलं टीबीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. फीचे आकडे बदलत राहतात. ते ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या पत्रकावर नाही.

शाळा मान्यताप्राप्त हवी, नाहीतर व्हिसाच अडेल. ब्रिटिश कौन्सिल अशा शाळांची तपासणी करून यादी देते, त्या यादीत नाव शोधा. याचा घराशीही थेट संबंध आहे. या मान्यतेच्या अटी शाळेने दिलेल्या घरांनाही लागू होतात: एका घरात एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, आणि तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय तुमची भाषा बोलणारा दुसरा विद्यार्थी त्याच घरात ठेवायचा नाही. घर शाळेमार्फत घेतलं की काही बिघडलं तर दाद मागायला जागा असते. ओळखीच्या ओळखीतून स्वस्तात मिळालेल्या खोलीत ती नसते.

गाव कोणतं? लंडन महाग, अंतरं लांब. ब्रायटन, बोर्नमथ, ईस्टबोर्न, हेस्टिंग्ज अशा दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांत भाषाशाळा बऱ्याच आहेत आणि विद्यार्थी ठेवून घ्यायची तिथल्या घरांना सवय आहे. केंब्रिज, ऑक्सफर्डलाही तसंच. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला मध्यम आकाराचं गाव घ्या, जिथे बसचालक तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो.

२. घराचा फॉर्म भरताना संकोच नको

शाळा एक फॉर्म पाठवते: खाणं, ॲलर्जी, प्राणी चालतात का, सिगारेट चालते का. आपण तो घाईत भरतो आणि पुढे महिनाभर त्याची किंमत मोजतो.

‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर अंडं चालतं असं ते धरतात. ‘व्हीगन’ लिहिलं तर दूध, दही, तूप, लोणी सगळं गेलं. त्यामुळे एका शब्दावर भागवू नका, वाक्य लिहा: मी मांस, मासे, अंडी खात नाही; दूध, दही, चीज चालतं. जिलेटिन घातलेल्या मिठाया आणि मांसाच्या अर्कातलं सूप चालत नसेल तर तेही लिहा, कारण त्यांच्या लेखी सूप म्हणजे भाजी. मांसाहारी असाल पण गोमांस नको असेल, तरी स्पष्ट लिहा. चतुर्थीचा किंवा सोमवारचा उपास फॉर्ममध्ये समजावत बसू नका. तो घरी पोहोचल्यावर सांगायचा आणि त्या दिवशी फळं, दही, उकडलेला बटाटा पुरेल एवढंच म्हणायचं.

कुत्रं-मांजर घरातच असतं, सोफ्यावर आणि स्वयंपाकघरातही. चालणार नसेल तर आत्ताच लिहा. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं तुमचं तुम्ही. घर शाळेपासून किती लांब आहे हे मैलांत नाही, बसच्या मिनिटांत विचारा, आणि शेवटची बस किती वाजताची तेही.

३. निघण्याआधी एक पत्र

घराचा पत्ता हातात आला की यजमानांना ई-मेल करा. दहा ओळी पुरेत: मी कोण, घरी कोण कोण आहे, काय करते, काय खाते, किती वाजता पोहोचते. कोणाकडून तरी तपासून घेऊन चकचकीत केलेलं इंग्रजी नको. तुमचं आहे तसं लिहा, म्हणजे तुमच्याशी किती सावकाश बोलायचं हे त्यांना कळतं.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि आधी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी उतरल्या. त्यांना आनंदीबाई मावशी मानत. पण ते नातं बंदरावर जुळलं नव्हतं, आधीची काही वर्षं पत्रं जात-येत होती. आपल्याला तेवढं भाग्य लाभेलच असं नाही. तरी दारात उभं राहताना आपण अगदी अनोळखी नसावं, एवढं एक पत्र नक्की करतं.

४. सामान

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. ताजी पानं, फळंही नकोत. भाजणीची चकली, गोडा मसाला, चटण्या, मेतकूट बांधून घ्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट न्या. तिथलं प्लग तीन चौकोनी पिनांचं असतं, त्यामुळे ॲडॅप्टर लागेल. व्होल्टेज आपल्यासारखंच असल्याने चार्जर चालतो. घरात घालायला जाड मोजे आणि स्वेटर हवाच, उन्हाळ्यातही. यजमानांसाठी छोटी भेट न्या. सावंतवाडीची लाकडी फळं कोणालाही आवडतात, आणि ‘हे काय आहे?’ या प्रश्नावर पहिली संध्याकाळ निघते.

५. पहिला दिवस: नाव, किल्ली, न्हाणीघर

पहिली अडचण नावाची. साठीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना आपली जीभ अडखळते. तरीही मारा. ‘आंटी’ म्हणू नका, ‘मॅडम’ तर नाहीच. मॅडम म्हटलं की त्यांना आपण दुकानदार झाल्यासारखं वाटतं. त्या नावानेच ओळख करून देतात आणि तेच वापरावं अशी त्यांची अपेक्षा असते. आदर दाखवायची त्यांची जागा वेगळी आहे: प्रत्येक विनंतीला ‘प्लीज’, प्रत्येक गोष्टीला ‘थँक यू’. मराठीत घरच्या माणसाला आभार मानले तर परकेपणा वाटतो. इंग्रजीत मीठ पुढे सरकवल्यावर आभार मानले नाहीत तर उद्धटपणा वाटतो. सुरुवातीला दिवसाला पन्नास वेळा थँक यू म्हणणं कृत्रिम वाटेल, पण तो त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग समजून म्हणत राहा.

मग घर दाखवतात. तेव्हा नुसती मान हलवू नका, विचारा: पुढचं दार आपोआप लॉक होतं का? वायफायचा पासवर्ड? सकाळी न्हाणीघर कोणाला कधी लागतं? कपडे धुवायचा दिवस कोणता? स्वयंपाकघर वापरलेलं चालेल का, आणि किती वाजेपर्यंत?

न्हाणीघराबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त कटकटी तिथेच होतात. इंग्लंडमधल्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते. पाणी वाहून जायला फक्त टबाचं भोक. जमिनीवर सांडलेलं पाणी लाकडी तक्तपोशीतून खालच्या खोलीच्या छतात उतरतं, आणि डाग पडला की बोलणी होतात. म्हणून शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा, अंग टबात उभं राहूनच पुसायचं, बादली-तांब्याची आंघोळ विसरायची. दिव्याचं बटण आत भिंतीवर सापडणार नाही. छतातून दोरी लोंबते, ती ओढायची. जुन्या घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात. काही घरांत गरम पाणी टाकीत साठवलेलं असतं आणि ते संपतं, मग तुमच्यानंतरच्या माणसाला गारच मिळतं. पाच-सात मिनिटांत आटपा. टॉयलेटमध्ये कागदच असतो. आपल्याला पाणी लागतं, तर एक लहान बाटली स्वतःजवळ ठेवा. कोणालाही विचारायची गरज नाही.

आणि धुराचा अलार्म. इंग्रजी घरात तो बहुतेक असतोच, आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीने तो हमखास वाजतो. स्वयंपाकाची परवानगी मिळाली तरी फोडणी करण्याआधी खिडकी उघडा, पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा. उदबत्ती, निरांजन खोलीत लावायचं असेल तर आधी विचारा. गालिचा, पडदे, लाकडी मजले यांमुळे आगीची भीती त्यांच्या मनात खोल असते.

६. खरा वर्ग जेवणाच्या टेबलावर भरतो

शाळेत आठवड्याला साधारण पंधरा ते वीस तास शिकवतात. पहिल्या दिवशी चाचणी घेऊन ए-१ (अगदी सुरुवातीची) ते सी-२ (सगळ्यात वरची) या युरोपीय पातळ्यांपैकी एकीत बसवतात. वर्गात तुर्की, ब्राझिलियन, इटालियन, जपानी, सौदी विद्यार्थी असतात. छान ओळखी होतात, पण ते सगळेही तुमच्यासारखेच शिकाऊ. जन्मापासून इंग्रजी बोलणारं माणूस तासाच्या बाईंव्यतिरिक्त भेटतं ते घरातच, आणि तेही बहुतेक संध्याकाळच्या जेवणाच्या पाऊण तासात.

हे जेवण लवकर असतं, सहा-सातला. काही घरांत त्यालाच ‘टी’ म्हणतात, त्यामुळे ‘टी इज ॲट सिक्स’ म्हणजे चहा नव्हे. उशीर होणार असेल तर दुपारीच कळवा. न कळवता चुकवलेलं जेवण त्यांना फार लागतं.

ताटात आलेलं कमी वाटलं तर मागा. ‘कुड आय हॅव अ बिट मोअर, प्लीज?’ हे वाक्य जाण्याआधी शंभर वेळा पाठ करा. हवं असेल तर ‘यस, प्लीज’ पहिल्याच वेळी म्हणा. आणखी एक गाठ लक्षात ठेवा: ‘आय ॲम फाइन, थँक्स’ म्हणजे ‘नको, पुरे’. कोणी चहा विचारला आणि तुम्ही ‘आय ॲम फाइन’ म्हणालात, तर चहा मिळणार नाही.

तुमच्या जिभेला ते जेवण सपक लागेल. चटणी टेबलावर आणू का असं विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि चाखूनही पाहतात. पण पहिला घास घेण्याआधीच वरून लाल तिखट भुरभुरवू नका. जेवण झाल्यावर आपली ताटली उचला आणि भांडी पुसायला उभे राहा. सिंकपाशी शेजारी शेजारी उभं असताना, हातात काम आणि नजर भांड्यांवर असताना, जे इंग्रजी तोंडातून निघतं ते समोरासमोर बसून निघत नाही. माझी निम्मी भाषा त्या फडक्याने पुसत पुसत आली.

ही माणसं विद्यार्थी का ठेवतात? पैशासाठीही, आणि त्यात कमीपणा काही नाही. स्वतःच्या राहत्या घरातली सजवलेली खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर ब्रिटिश सरकार कर घेत नाही. कित्येक घरांत मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली असतात, खोली रिकामी असते आणि संध्याकाळही. तुम्ही लॉजवर नाही आणि लग्नाला आलेले पाहुणेही नाही. या दोन्हींच्या मधलं जे आहे ते रोज थोडं थोडं ठरवावं लागतं.

७. चुका दुरुस्त करून मागा

इथेही तोच आग्रहाचा मुद्दा. तुमचं इंग्रजी चुकलं तर घरातलं कोणी चूक दाखवणार नाही. मोठ्या माणसाला मध्येच सुधारणं त्यांना असभ्य वाटतं. ते समजून घेतात, हसतात आणि पुढे जातात. तुम्हाला वाटतं, जमतंय की. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगा: जेवताना माझी रोज एक चूक दाखवाल का? एकच म्हणा. ‘सगळ्या दाखवा’ म्हटलं तर ते एकही दाखवणार नाहीत.

मराठी माणसाच्या ठरावीक चुका मला माहीत आहेत, त्या आधीच लिहून ठेवा. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नाही, ‘आय हॅव’. ‘माय हेड इज पेनिंग’ नाही, ‘आय हॅव अ हेडेक’. ‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’. ‘मायसेल्फ अमुक’ असं स्वतःबद्दल म्हणू नका. ‘आउट ऑफ स्टेशन’ त्यांना कळत नाही.

उच्चारांत दोन गोष्टी सुधारल्या तरी मोठा फरक पडतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हे आपल्या प, ट, क पेक्षा हवेचे असतात. आपण ‘पिन’ म्हणतो तेव्हा त्यांच्या कानाला ‘बिन’सारखं ऐकू येतं. तळहात ओठांपुढे धरा आणि ‘प्हिन’ असं म्हणा, हवा हाताला लागली पाहिजे. दुसरी गोष्ट, व. लिहिताना आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ असा फरक करतो, बोलताना मात्र बहुधा दोन्ही एकच होतात. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, ‘वॉच’ला ओठ शीळ घातल्यासारखे गोल करा. एका बाबतीत मराठी माणूस सुदैवी आहे: ‘जहाज’ मधला आपला दंत्य ज इंग्रजी झेडच्या अगदी जवळ आहे. तोच वापरा.

ऐकण्यासाठी त्यांच्यासोबत टीव्ही पाहा, खोलीत एकट्याने मराठी मालिका नको. सबटायटल्स लावायला सांगा, हरकत घेत नाहीत. आणि सूचक बोलणं ओळखायला शिका. ‘यू माइट वॉन्ट टू क्लोज द विंडो’ हा सल्ला नाही, खिडकी लाव असं सांगणं आहे. ‘ऑल राइट?’ हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. उत्तरादाखल तब्येत सांगायची नसते.

८. काही खटकलं तर

माझ्या खोलीतला हीटर नीट चालत नव्हता. मी तीन आठवडे दोन स्वेटर घालून झोपले, कारण तक्रार करणं बरं दिसत नाही असं वाटलं. शेवटी खोकला झाला तेव्हा बाईंनी विचारलं, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं: आधी का नाही सांगितलंस? अर्ध्या तासात दुसरा हीटर आला.

क्रम असा ठेवा. आधी यजमानांना सांगा, विनंतीच्या सुरात: ‘वुड इट बी पॉसिबल टू...’ फरक पडला नाही तर शाळेत राहण्याची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला भेटा. मान्यताप्राप्त शाळेत असं माणूस असतं. काय झालं, कधी झालं, हे कागदावर नेमकं लिहून न्या. जेवण अपुरं, खोली अस्वच्छ, अभ्यासाला टेबल नाही, ही घर बदलायला पुरेशी कारणं आहेत. आणि कोणाच्या वागण्याने असुरक्षित वाटलं, तर क्रमबिम पाहू नका. त्याच दिवशी शाळेला सांगा आणि बाहेर पडा. जिवावरचा प्रसंग असेल तर ९९९, तातडीचा पण जिवावरचा नसलेला आजार असेल तर १११. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसावर गेलेल्यांना हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर खर्च येतो, प्रवास विमा काढूनच निघा.

९. घरचा फोन आणि रविवार

उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. म्हणजे तिथलं संध्याकाळचं जेवण आणि इथली झोपायची वेळ एकाच सुमारास. आईला फोन दुपारी, शाळेतून सुटल्यावर करा. जेवणानंतर लगेच खोलीत जाऊन तासभर मराठीत बोलायची सवय लागली की कोर्सचे पैसे तिथेच संपले. मला हे कठोरपणे सांगायचं आहे, कारण पहिल्या आठवड्यात एकटेपणा फार दाटतो आणि फोन हाताशी असतो. हिवाळ्यात तर डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो.

त्यावर उपाय म्हणजे रविवारी बाहेर पडणं. लंडनला एक दिवस जा. चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. परक्याच्या घरात एका खोलीत राहून शिकणाऱ्या माणसाला ते घर वेगळंच भिडतं. मी बराच वेळ नुसती उभी होते. मराठी ऐकायची ओढ असह्य झाली तर १९३२ साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीच्या दिवसांत तिथे असाल तर जाच. दर रविवारी मात्र नको.

१०. निघताना

शेवटच्या आठवड्यात एकदा तुम्ही स्वयंपाक करा. पिठलं-भात, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर एवढं पुरे. बेसन आणि हिंग मोठ्या गावात आशियाई किराणा दुकानात मिळतं. करताना प्रत्येक गोष्ट इंग्रजीत समजावून सांगा. फोडणी, भाजणं, परतणं यांना शब्द शोधताना तुमचं तुम्हाला कळेल किती मजल मारली. तिखट बेताचं घाला. आणि वाढताना आग्रह करू नका, ‘नो, थँक यू’ आलं की वाडगं पुढे सरकवा.

निघायच्या सकाळी बिछान्याच्या चादरी काढून घडी करून ठेवा, कचऱ्याची टोपली रिकामी करा, किल्ली हातात द्या. आभाराचं कार्ड आदल्या दिवशीच आणा. इंग्लंडमध्ये कार्डाला फार मोल असतं, ती महिनोन्महिने शेकोटीवरच्या फळीवर मांडून ठेवतात. छापील मजकुराखाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा, एक इंग्रजीत आणि एक देवनागरीत.